जयंतीची दोरी

पोलकं असं बसलं, की जणू भाविकाच्या अंगावरच कातरलं असावं. खांद्याची शिवण खांद्यावर, बगलेत ना घोळ ना ताण. वाढत्या अंगासाठी सोडलेली ढीलही बरोबर भरून निघाली होती. कृष्णाबाईंनी चष्म्याच्या काचेवरून नातीकडे पाहिलं. पंच्याहत्तरी उलटली तरी हात चुकला नाही, म्हणून त्या मनातल्या मनात खूश झाल्या. मग भाविकाने परकराची नाडी बांधली, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांकडे गेल्या.

परकर पायावर लोळायला हवा होता. तो घोट्याच्या चांगली अर्धी वीत वर थांबला होता.

"आजी," भाविका खाली बघत म्हणाली, "हा असाच आहे का?"

आतेबहिणीला, चेतनाला, आधी हसू फुटलं. "आजीने केप्री शिवली! गणपतीत केप्री, झकास!"

"चेतना, गप्प," नमिता म्हणाली, पण तिचेही ओठ हलत होते. केतन दारापाशी पुठ्ठ्याच्या मखराला खळ लावत बसला होता. त्याने मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघायला नको ते निघून गेलं. "अगं बाई, नुसते पायच पाय! मखराचे चार खांब आणलेत, त्यात हे दोन धरले तर मंडपच होईल."

केतन मनाने वाईट नव्हता. आपली जीभ कुठे आवरावी हे त्याला लहानपणापासून कळलं नाही, एवढंच. भाविका बारा वर्षांची होती आणि आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघत होती. वर्गात मुलं तिला टॉवर म्हणत. बाकाखाली गुडघे मावत नाहीत म्हणून ती तिरकी बसे आणि फोटोत कायम मागच्या रांगेत असे. गेल्या वर्षभरात तिने पोक काढून चालायची सवय लावून घेतली होती. बापाचं बोलणं ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

"झालं समाधान?" नमिता नवऱ्याला म्हणाली. मग सासूकडे वळली. "आई, मी फोनवर इंच सांगत होते ना? टेपने मोजून सगळं लिहून ठेवलं होतं."

"टेपचं माप माझ्या हाताला कळत नाय गो," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

हे खरंच होतं. आकडे त्यांना पन्नाशीत आले, तेही चाळीच्या समाजमंदिरातल्या रात्रवर्गात. शिवण त्याच्या पुष्कळ आधीची. गावाहून शिकून आलेली त्यांची पद्धत एकच, पुडीचा दोरा तिपेडी वळायचा, मूल भिंतीला उभं करायचं आणि गाठी मारायच्या. खांद्याला एक, कमरेला एक, गुडघ्याला एक, आणि टाचेपाशी, जमिनीला टेकवून, शेवटची जोडगाठ. यजमान रामनाथ गिरणीत होते तेव्हा दर गणपतीला मिलच्या दुकानातून एक तागा आणत आणि तिन्ही भावांच्या अकरा पोरांना त्या एकाच ताग्याचे कपडे होत. अकरा पोरं एका रंगात गणपतीपुढे उभी राहिली की शेजारीपाजारी म्हणत, रामनाथाने पोरं पण ताग्यातनंच कापून काढली वाटतं. आता चाळ गेली, तिच्या जागी बिल्डिंग आली, रामनाथ भिंतीवरच्या फोटोत गेले आणि अकरा पोरांच्या जागी एकच पोर उरली, ती भाविका. यंदा तागा कसला, सहा मीटर कापड आणलं, जांभळं, बारीक बुट्टीचं. त्यातून परकर-पोलकं बेतून उरलेलं गणपतीच्या पाटाचं आसन म्हणून घडी करून ठेवलं होतं. पण दोऱ्या सगळ्या होत्या. ज्याची त्याची जुडी ज्याच्या त्याच्या रंगाच्या चिंधीने बांधून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली.

आणि भाविका तर मापाला आलीच नव्हती. रविवारी क्लास, शनिवारी क्लास. बोरिवलीहून भांडुपला यायला तिला दोन महिन्यांत वेळ झाला नव्हता. मग कृष्णाबाईंनी डोकं चालवलं. भाविका आत्यावर गेलीय हे तर सगळेच म्हणतात. तोच उतरता खांदा, तीच बारीक कंबर, हनुवटीवर तोच खळगा. त्यांनी डब्यातून लाल चिंधीची जुडी काढली, तिच्यातली जयंतीची बाराव्या वर्षाची दोरी घेतली, वर थोडी ढील सोडली, खाली दोन बोटं दुमड ठेवली आणि कापडाला कात्री लावली. बारा वर्षांची पोर ती बारा वर्षांची पोर. त्यात काय बदलणार?

"कुणाची दोरी लावली आजी?" चेतनाने विचारलं.

कृष्णाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. जयंती सकाळीच मुलुंडहून आली होती आणि आत विळीवर बसून नारळ खवत होती. खवणीचा खर्र खर्र आवाज एका लयीत चालला होता.

"तुझ्या आईची," त्या हळूच म्हणाल्या.

"आईची? बारा वर्षांची?" चेतना उठलीच. ती आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गेले चार महिने बालवाड्यांतून पोरांची उंची-वजनं घेत हिंडत होती. "म्हणजे पोलकं बसलं आणि परकर आखूड पडला? आजी, डबा कुठाय?"

"राहू दे तो डबा."

"अगं, दोन मिनिटं."

"नको म्हटलं ना चेतना. गणपती परवावर आलेत, कामं काय कमी आहेत?"

पण डबा शिवणयंत्राखालीच होता आणि चेतनाचे हात तरुण होते. तिने झाकण काढलं, फरशीवर फतकल मारली आणि तीन दोऱ्या निवडल्या. लाल चिंधीची जयंतीची, निळ्या चिंधीची केतनची, पिवळी तिची स्वतःची. तिघांचंही बारावं वर्ष. तिने कमरेच्या तिन्ही गाठी फरशीच्या एका सांध्यावर जुळवल्या आणि दोऱ्या सरळ केल्या.

कृष्णाबाई खुर्चीत बसून बघत राहिल्या. उठून त्या दोऱ्या गोळा कराव्यात असं त्यांना फार वाटलं. पण गुडघे काही लगेच ऐकत नाहीत. आणि एवढी घाई केली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, आई, एवढं काय आहे त्यात?

"मामा, ये बघायला," चेतना म्हणाली. "वरचा भाग बघ. खांदा ते कंबर. तिघांचं जवळजवळ सारखं, बोटभराचा काय तो फरक. आता खाली बघ."

केतन खळीचे हात पुसत आला. कमरेखाली तिन्ही दोऱ्या तीन वाटांनी गेल्यासारख्या होत्या. चेतनाची सगळ्यात लांब. केतनची तिच्या मागे थोडी. आणि जयंतीची दोन्हींच्या फार अलीकडे संपली होती.

"आई पहिल्यापासून बुटकीच," केतन म्हणाला. "म्हणजे माझी आई, तुझी आजी. ताई तिच्यावर गेली."

"तसं नसतं रे मामा. आता आमच्याकडे सगळीकडे हेच दिसतं, आजीपेक्षा आई उंच, आईपेक्षा मुलगी उंच. आणि धड तेवढंच असतं, वाढतात ते पाय. लहानपणी पायच सगळ्यात भराभर वाढतात. पोटाला कमी पडलं ना, की शरीर पहिला वाटा पायांचा कापतं. डोकं, काळीज, फुप्फुसं, हे आधी सांभाळतं. नंतर उरलं तर पायांना. आमच्या मॅडम म्हणतात, मूल कसं जेवलं ते विचारू नका, पाय मोजा." ती जयंतीच्या जुडीतली आणखी एक दोरी उलगडत होती. "ही अकराव्या वर्षाची आणि ही बाराव्या. वर्षात बघ किती कमी..."

आत खवणीचा आवाज थांबला.

चेतनाच्याही ते लक्षात आलं. तिने तोंड मिटलं, पण बोललेलं परत कुठे घेता येतं?

नमिता मात्र थांबणारी नव्हती. ती भांडकुदळ नव्हती, सरळ होती, आणि सरळ माणसांचं बोलणं कधीकधी फार लागतं. "बाराव्या वर्षी म्हणजे त्र्याऐंशी साल. संपाचं," ती म्हणाली. "आणि केतनची बाराव्या वर्षाची दोरी एवढी लांब. म्हणजे दूध ह्याला आणि ताईंना पेज."

"नमिता, पुरे," केतन म्हणाला.

"का पुरे? मी कुणाला दोष देत नाहीये. दिसतंय ते बोलले. उद्या कुणी आपल्या भाविकाचं दूध कापून दुसऱ्याला दिलं तर चालेल तुला?"

"तेव्हा संप होता. तुला काय माहीत घरात काय होतं?"

"तुला तरी माहितेय का? तू चार वर्षांचा होतास!"

केतन वळला. त्याने आईकडे पाहिलं. आईने नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. कृष्णाबाईंनी त्याची नजर टाळली आणि फोटोकडे पाहिलं.

संपाची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. गेटसभा, मोर्चे, विकलेली घागर, काजबटनांची गाठोडी, सगळं. फक्त दुधाचं कुणी बोलत नसे. आरेची अर्ध्या लिटरची एक बाटली घरात येई. केतन गोवरातून उठलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. डॉक्टर म्हणाले होते, दूध द्या नाहीतर पोर हाती लागणार नाही. मग बाटली केतनची झाली. सेंटरवर रांगेत उभी राहून ती आणायची जयंती. काचेची गार बाटली पोटाशी धरून ती चढण चढून येई, ओट्यावर ठेवी आणि मग कोऱ्या चहात शिळी भाकरी बुडवून शाळेला जाई. तिने कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं कृष्णाबाईंना पुढे चाळीस वर्षं वाटत आलं. निदान नाही म्हटल्याचं पाप तरी उघड झालं असतं.

आणि ते एवढंच नव्हतं. लाल चिंधीत बांधलेलं आणखी एक काही होतं. ते एकट्या कृष्णाबाईंना ठाऊक होतं.

जयंती पदराला हात पुसत बाहेर आली. चोपन्न वर्षांची, चार फूट नऊ इंच उंचीची, केस पुढून पांढरे. तिने फरशीवरच्या दोऱ्या पाहिल्या, लेकीकडे पाहिलं, आईकडे मात्र पाहिलं नाही. तशीच पुढे जाऊन तिने बाथरूमच्या दारावर टकटक केली.

"भावू, बाहेर ये. तुझा बाप मूर्ख आहे हे मला सेहेचाळीस वर्षं माहितेय. त्याच्यासाठी किती वेळ आत बसणार?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी नाही घालणार तो परकर."

"नको घालू. आजी दुसरं माप घेईल, खरं तुझं. तू बाहेर तर ये."

कडी निघाली. भाविका डोळे पुसत आली आणि सवयीने खांदे गोळा करून उभी राहिली. जयंती तिच्या खांद्यापर्यंत पोहोचत होती. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा कृष्णाबाईंना दिसलं, खांदे खरंच सारखे होते. हनुवटी सारखी होती. देवाने एकच मूर्ती दोनदा घडवली होती, दुसऱ्या वेळी माती पुरली होती.

चेतनाने नवा दोरा वळला. भाविकाला भिंतीला पाठ लावून उभं केलं. कृष्णाबाईंनी खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या बसल्या हात वर करून खांद्याची गाठ धरली. वाकून खालची गाठ मारणं आता त्यांना जमत नव्हतं, म्हणून टाचेपाशी जयंती बसली.

"श्वास सोड," कृष्णाबाई म्हणाल्या. "कमर... झाली. गुडघा घे गो जयंती."

जयंतीने परकर जरा वर सरकवला, दोरी खाली ओढली आणि थांबली. मग तिने भाविकाच्या गुडघ्यामागे दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली.

"सरळ कर."

"सरळच आहेत."

"भावू."

"सरळच आहेत, आत्या!"

"अगं, मला शिकवतेस?" जयंती हसली. "परकराआड गुडघे वाकवून उभी आहेस. दोन इंच कमी भरायला. या घरात मापाला फसवणारी पहिली मी. तू कमी भरायला फसवतेस, मी जास्त भरायला फसवलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी टाचा उचलल्या होत्या."

हे ती भाविकाला सांगत होती, दोरीकडे बघत, अगदी साध्या आवाजात. "संपाचा दुसरा गणपती. कापड नव्हतंच आणलेलं, कशाने आणणार? तरी आई म्हणाली, मापं घेऊन ठेवू, संप मिटला की शिवू. तुझे आजोबा त्या दिवशी उंबऱ्यावर बसले होते. दरवर्षी माप झालं की ते प्रत्येकाची दोरी हातात घेऊन उंच धरायचे आणि म्हणायचे, बघ, किती वाढलीस! त्यांना त्यात फार आनंद व्हायचा. आणि मला आधीच कळलं होतं, की मी वाढलेच नाही. मोरीच्या दाराला मी खिळ्याने खूण केली होती, वर्षभर डोकं त्या खुणेच्या वर काही गेलं नव्हतं. बाबांनी दोरी उंच धरली आणि ती गेल्या वर्षीएवढीच निघाली तर? मग परकर खाली सोडला आणि टाचा उचलल्या. घाम फुटला, पोटऱ्या थरथरल्या, पण आईची गाठ मारून होईपर्यंत तशीच उभी राहिले."

"मग?" भाविकाने विचारलं. ऐकता ऐकता तिचे गुडघे आपोआप सरळ झाले होते.

"मग काय, बाबांनी दोरी उंच धरली. म्हणाले, बघ, किती वाढलीस! कुणाला कळलं नाही."

"माका कळलेला," कृष्णाबाई म्हणाल्या.

जयंतीने मान वर केली.

कृष्णाबाईंचे हात भाविकाच्या खांद्यावरून खाली आले होते. इतकी वर्षं मुंबईचं बोलणं बोलल्या त्या, पण आता ओठांवर आली ती गावचीच भाषा. "माका दिसलेल्यो गो तुझ्यो टाचो. परकर फाटको होतो, फटीतसून दिसत होत्यो. कापत होत्यो. मी तशीच गाठ मारलंय."

केतन मखर सोडून उठून उभा राहिला होता.

"का?" जयंतीने विचारलं.

"तुझो बापूस बघी होतो."

जयंतीने हातातली दोरी सोडली. तिच्या चेहऱ्यावर हसू येतंय की काय असं क्षणभर वाटलं. पण ते आलं नाही. दुसरंच काही आलं, जे इतकी वर्षं वाट बघत बसलं असावं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "मी वाढत नाहीये हे तुला माहीत होतं."

"होतं."

"मग दुसऱ्या दिवशी दूध?"

खोटं बोलायला ती जागा चांगली होती. चाळीस वर्षांपूर्वीचा एक दिवस, कोण तपासणार? घोटभर तुझ्या चहात घातलं होतं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. कृष्णाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"दुसऱ्या दिवशीपण केतनलाच," त्या म्हणाल्या.

"ताई," केतन पुढे आला. "मला खरंच काही माहीत नव्हतं गं."

"तुला काय माहीत असणार? दुधाची पांढरी मिशी लावून बसायचास. असा राग यायचा, वाटायचं एक ठेवून द्यावी. आणि ती मिशी पुसायची पण मीच." ती खाली बसलीच होती, आता भिंतीला टेकली. "लहानपणी नाही राग आला, आई. खोटं कशाला बोलू? तेव्हा मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. राग आला तो नंतर. ठेंगणी आहे म्हणून चार स्थळं परत गेली तेव्हा. लोकलच्या कडीला हात पुरत नाही तेव्हा अजून येतो. आणि आज आला. तुला माहीत होतं, हे कळल्यावर."

सफाई द्यायला कृष्णाबाईंपाशी होतं काय? नमिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मघाशी तलवारीसारखी चाललेली तिची जीभ आता तिलाच जड झाली होती. ती उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आधी नणंदेला नाही, सासूला दिला.

पाणी पिऊन कृष्णाबाई म्हणाल्या, "बाटलीचं झाकण."

"काय?"

"चंदेरी झाकण असायचं. ते उघडायचं काम मी तुझंच ठेवलं होतं. केतन रडायचा, मी उघडतो म्हणून. त्याला दिलं नाय कधी."

जयंतीने डोळे मिटले. बंद डोळ्यांनीच म्हणाली, "आत साय लागलेली असायची. मी चाटायचे. तू चुलीशी, तुझी पाठ असायची माझ्याकडे."

"पाठ करायचे म्हणून असायची. आणि उघडायच्या आधी बाटली एकदा उलटी करायचे. साय झाकणाला लागू दे म्हणून."

खाली रस्त्यावर कुणाचा तरी मंडपाचा बांबू पडला, पोरं ओरडली.

"एवढीशी साय, आई," जयंती म्हणाली. तिने नखाएवढी जागा दाखवली.

"एवढीशीच होती गो."

त्यावर जयंती रडली. मोठ्याने नाही. आईच्या मांडीला कपाळ टेकवून, खोबऱ्याच्या वासाचे हात तिच्या साडीत खुपसून. कृष्णाबाईंनी तिच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवला. माफ केलं का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारण्याजोगी गोष्ट ती नव्हती. जे त्या दोघींना वेगवेगळं माहीत होतं ते आता एकत्र माहीत झालं होतं, आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं.

"आत्या," भाविका भिंतीशी तशीच उभी होती. "माझी दोरी राहिली ना. मी सरळ उभी आहे."

जयंती नाक पुसत हसली. "बघू. हं, आता कशी! खांदे पण सोड." तिने दोरी खाली नेली, नेली, नेत राहिली. "काय पाय आहेत गं पोरी! तुझ्या आजोबांनी हे बघितले असते ना, तर बिल्डिंगभर मिरवले असते. वाकवतेस कसले?"

"मुलं टॉवर म्हणतात."

"म्हणू देत. त्यांना सांग, या पायांना तीन पिढ्या लागल्यात."

जोडगाठ बसली. चेतनाने ती दोरी बाकीच्यांशेजारी ठेवली, कमरेची गाठ त्याच सांध्यावर. ती सगळ्यांच्या पुढे गेली. परकराला किती पट्टी जोडावी लागेल ते कृष्णाबाईंनी बोटांनी मोजलं. मग त्यांची नजर आसनाच्या घडीवर गेली.

"ते बाप्पाचं आहे," नमिता म्हणाली.

"बाप्पा साध्या पाटावर बसतील," जयंती म्हणाली. "त्यांना कुठे उभं राहून माप द्यायचंय? मध्ये गोट लावू, जोड कळणार पण नाही."

"मी कातरतो," केतन म्हणाला. "ताई, तू बस. खोबरं पण मी खवतो."

"बोटं खवशील." पण तो गेलाच आत, आणि थोड्या वेळाने खवणीचा अडखळता आवाज येऊ लागला.

दोरा उरला होता. भाविकाने तो बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आजी, आत्याचं घे ना माप."

"म्हातारीचं कसलं माप!" जयंती म्हणाली.

"घे ना. आत्ताचं."

"ये," कृष्णाबाई म्हणाल्या. आणि खुर्चीतून उठल्या. नमिताने चटकन दंड धरला, "आई, तुम्ही कशाला, चेतना आहे ना," म्हणत राहिली. त्यांनी ऐकलं नाही. एक हात सुनेच्या खांद्यावर, एक भिंतीला, अशा त्या आधी एका आणि मग दुसऱ्या गुडघ्यावर खाली बसल्या. वर खांद्याची, कमरेची गाठ चेतनाने मारली. गुडघ्याची जयंतीने स्वतःच चिमटीत धरली. खालची कृष्णाबाईंची होती. त्यांनी लेकीची साडी जरा वर केली. भेगाळलेली, रुंद, जोडव्यांनी झिजलेल्या बोटांची पावलं. त्यांनी टाचेखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"टेकल्यात ना गं?" वरून जयंतीने विचारलं.

"टेकल्यात."

त्यांनी गाठ मारली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून दुसरी मारायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

भाविकाने फरशीवरून लाल चिंधीची जुनी दोरी उचलली, नवी तिच्याशेजारी धरली, खांद्याच्या दोन्ही गाठी एका चिमटीत घेतल्या आणि तिचा तो लांब हात पुरा उंच केला. इतका उंच, की दोऱ्या सगळ्यांच्या डोक्यांवरून खाली लोंबल्या. मग तिने खालच्या टोकांकडे निरखून पाहिलं.

"आत्या," ती म्हणाली, "तू वाढलीस की गं नंतर! चार बोटं. नाही, थांब. ह्या जुनीत तर टाचा उचललेल्या होत्या." तिने मनाशी हिशेब केला. "म्हणजे त्याहून जास्त. बघ, किती वाढलीस!"

जयंती दोऱ्यांकडे मान वर करून बघत राहिली. टाचा जमिनीवर टेकवून.